कोपऱ्याच्या खोलीचा वाटा

वकीलदादा कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागायचे. चहा नंतर, बसणंही नंतर. दारात पाऊल टाकलं की "जरा पाणी द्या," आणि पेला हातात येईपर्यंत उभेच. मी नवी सून म्हणून परळच्या त्या सरकारी चाळीत आले, त्याच आठवड्यात हा काळा कोट आमच्या दारात उभा राहिला. मी घाईघाईनं पेला विसळला, भरला, दिला. त्यांनी तो सावकाश रिकामा केला आणि म्हणाले, "सूनबाई, चांगलं दिलंत." पाणी देण्यात चांगलं-वाईट काय असतं ते मला कळेना. ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "त्याला तहान नसते गो. तो बघतो, देणारा कसा देतो ते."

त्यांचं नाव गंगाराम कासारे. माझ्या सासरच्या गावचेच, रत्नागिरीकडचे, आणि गावाच्या ज्या टोकाला आमची वस्ती होती तिथलेच. त्या वस्तीतल्या माणसानं विहिरीवर चढायचं नाही असा गावचा नियम होता. खाली ओंजळ धरून बसायचं, आणि वरच्या कुणाला दया आली तर त्यानं उंचावरून ओतायचं. निम्मं ओंजळीत, निम्मं अंगावर. अशी ओंजळ धरत वाढलेलं पोर बोटीनं मुंबईला आलं, गिरणीत बदली कामगार झालं, काम सांभाळून शिकलं आणि वकील झालं. लिहायला हे फार सोपं आहे. त्यांची बायको, सीतावहिनी, म्हणायच्या, "ह्यांची परीक्षा आली की मी पोरं घेऊन गॅलरीत संसार मांडायची. खोली एक, आणि ती कायद्याला दिलेली."

दिसायला वकील म्हणावं असं काही नव्हतं. बुटके, अंगानं किडकिडीत, कोटाची कोपरं झिजून चकाकणारी. बोलणं इतकं हळू की कोर्टात न्यायाधीशांनाच पुढे वाकावं लागायचं. लोकांचा आवाज समोरचा चुकला की चढतो, दादांचा चढायचा तो स्वतःची खात्री नसली की. सीतावहिनींना हे बरोबर ठाऊक होतं. घरात आवाज चढला की त्या शांतपणे म्हणायच्या, "म्हणजे माझंच खरं."

त्यांच्या पाणी मागण्याची एक गोष्ट ते स्वतःच रंगवून सांगायचे. वकिली नवी असताना फोर्टातल्या एका बड्या वकिलाच्या ऑफिसात ते काही कागद घेऊन गेले. सवयीप्रमाणे पाणी मागितलं. आत ट्रेमध्ये कप मांडलेले होते, पण शिपायानं खिडकीत वेगळा ठेवलेला कप उचलला आणि त्यातून दिलं. दादा प्याले. मग विचारलं, मोरी कुठे आहे. आपला कप तर धुतलाच, पण ट्रेमधले सगळे कप नेऊन धुतले, पुसले आणि आपला त्यांच्यात मिसळून ट्रे जागेवर आणून ठेवला. शिपायाला म्हणाले, "आता शोधा माझा कुठला." शिपाई बिचारा रडकुंडीला आला. त्या बड्या वकिलांनी पुढे ऑफिसात चहा घ्यायचं सोडलं की काय, ते मात्र दादांना कधी कळलं नाही.

ते दिवस मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राचे. आमच्या चाळीत सकाळ घोषणेनं उजाडायची. दादाही मोर्चांत असत, मागच्या रांगेत, कागदांची पिशवी छातीशी धरून. पण रविवारी सकाळी ते व्हरांड्यात सतरंजी टाकून बसायचे आणि चाळीतल्या सगळ्यांकडून घटनेची कलमं म्हणून घ्यायचे. अगदी पाढ्यासारखी. त्यांच्या खोलीतल्या भिंतीवर एकच फोटो होता, कुणाचा ते सांगायला नको, आणि तो फोटो आपली हजेरी घेतोय अशा चेहऱ्यानं मोठमोठे गिरणीवाले गडी मांडी घालून कलमं म्हणायचे. पहिलंच कलम, भारत हा राज्यांचा संघ आहे, हे आलं की कुणीतरी हटकून विचारायचा, "मग दादा, मुंबई कुणाची?"

"महाराष्ट्राचीच," दादा म्हणायचे. "त्यासाठी मीपण उन्हात चालतो, बघतोस ना? पण हद्द असते ती राज्याला. माणसाचा हक्क सगळ्या संघात एकच. जकात नाक्यावर उतरवून ठेवायचा माल नाही तो."

सगळ्यांचं आवडतं कलम पंधरावं. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान, या पाचांपैकी कशावरूनही कुणाला विहीर, तलाव, नळ, रस्ता बंद करता येणार नाही. नळ हा शब्द घटनेत नाही, तो दादांनी पदरचा घातला होता. विहिरीला मुंबईत नळ म्हणतात, असं त्यांचं म्हणणं. ते पाच शब्द म्हणताना सगळ्यांत मोठा आवाज असायचा लक्ष्मणभाऊंचा. लक्ष्मणभाऊ आमच्या चाळ कमिटीचे प्रमुख, आणि दादांचे जिवाचे मित्र. दोघं एकाच गावचे, एकाच बोटीनं मुंबईत उतरलेले, सुरुवातीला एकाच खोलीत आळीपाळीनं झोपलेले. सगळी चाळ दोघांना दादा-भाऊ म्हणायची, आणि ते एकमेकांना गंग्या-लक्ष्या.

धरपकड सुरू झाली तशी दादांच्या पिशवीत कागदांबरोबर सदरे आले. धुतलेले, इस्त्री केलेले, चाळीतून मागून आणलेले. त्यांचा हिशेब असा, की कोठडीत राहिलेला माणूस मळतो, आणि मळलेला माणूस बघितला की मॅजिस्ट्रेटला गुन्हा आधीच दिसतो. कुणाची आई रडत आली तर म्हणायचे, "कलम आधी, कळवळा मग. धुतलेला सदरा आहे का घरात?" सत्याग्रहात आमचे हेसुद्धा पकडले गेले. हे अंगानं दांडगे, आणि वाट्याला आला लक्ष्मणभाऊंच्या शिवाचा सदरा. बटणं काही लागेनात. म्हणून हे छातीवर हाताची घडी घालून उभे राहिले. मॅजिस्ट्रेटला वाटलं, माणूस माजोरी आहे. "हात खाली करा," म्हणाले. हात खाली आले आणि सदरा पडद्यासारखा दोन्हीकडे उघडला. कोर्ट हसलं, मॅजिस्ट्रेट हसले, आणि ह्यांना ताकीद देऊन सोडलं. दादा बाहेर येऊन म्हणाले, "आज पहिल्यांदा बचाव पक्षाचं पोट कामाला आलं."

तो सदरा मी धुऊन, घडी करून फळीवर ठेवला होता. परत द्यायच्या आधीच शिवा गेला.

शिवा हा लक्ष्मणभाऊंचा एकुलता एक मुलगा. गिरणीत लागून फार दिवस झाले नव्हते. लालबागच्या रस्त्यावर जमाव जमला, गोळीबार झाला, आणि त्यात तो सापडला. त्याच्या हातात दगड होता म्हणणारे होते, डबा होता म्हणणारेही होते. दादांनी हेलपाटे घालून प्रेत ताब्यात मिळवलं. त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला. गोळी झाडायचा हुकूम कुणी दिला, कुठल्या कायद्यानं दिला, आधी बजावलं होतं का, याची चौकशी झालीच पाहिजे. लक्ष्मणभाऊंनी वकीलपत्रावर सही केली. शिवा दादांच्याही मांडीवर वाढलेला, त्यामुळे ते त्या कामात वकील होते की दुसरा बाप, ते सांगणं कठीण होतं. साक्षीदार शोधत ते लालबाग, काळाचौकी पालथी घालायचे आणि लक्ष्मणभाऊ गॅलरीत त्यांची वाट बघत बसायचे. मुलगा परत येणार नव्हता. पण तो गुंड म्हणून नोंदला जाऊ नये, एवढं त्यांना हवं होतं.

आणि त्यातच रामजीचं प्रकरण आलं.

आमच्या मजल्यावर कोपऱ्याच्या खोलीत रामजीभाई राहायचा. काठियावाडी, म्युनिसिपालिटीत झाडूवाला. बायको जीवीबेन, आणि एक लहान मुलगी. चाळीच्या रीतीनं कुठल्याही सणाचं गोडधोड झालं की प्रत्येक खोलीचा वाटा निघायचा, तसा त्यांचाही निघायचा. मात्र त्यांच्या घरचं पाणी आमच्यातलं कुणी पीत नसे. आम्हाला विहिरीखाली बसवणारे जसे होते, तसे आम्हीही आमच्याखाली कुणीतरी बसवून ठेवले होते. त्यांच्या घरी जाऊन "जरा पाणी द्या" म्हणणारे चाळीत दादा एकटेच.

शिवा गेल्यावर चाळीचं डोकं फिरलं. राग होता तो मोठ्या शेटजींवर, मुंबई आम्हाला मिळू नये म्हणणाऱ्यांवर. पण ते मलबार हिलवर, आणि तिथवर कुणाचा हात पोचतो? हात पोचेल इतक्या जवळचा गुजराती म्हणजे रामजी. कमिटी बसली आणि ठरलं, कोपऱ्याच्या खोलीचा वाटा बंद, नळ बंद. त्यानं आपल्या मुलखात जावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीवीबेनचा हंडा रांगेतून उचलून कुणीतरी बाजूला ठेवला. तिनं तो उचलला. रिकामा हंडा घेऊन परत गेली. आम्ही बायका खाली बघून भांडी भरत राहिलो. तेवढ्यात दादा आले, कोर्टाचा कोट घालून आणि स्वतःच्या घरची कळशी घेऊन. रांगेत उभे राहिले, नंबर आला तशी भरली आणि खांद्यावरून सांडत सांडत कोपऱ्याच्या खोलीत नेऊन ओतली. मग परत आले, परत रांगेत. वकिलाला अडवायचं कसं, ते कुणाला सुचेना. असं काही दिवस चाललं. कमिटीतले लोक त्यांना समजावायला गेले. म्हणाले, "दादा, आम्ही जातीवरून नाही बंद केलं. गुजराती म्हणून केलं." दादा म्हणाले, "म्हणजे कारण बदललं. तहान तीच राहिली ना?"

मग एके सकाळी लक्ष्मणभाऊ स्वतः नळावर येऊन उभे राहिले. तोटीवर हात ठेवला आणि म्हणाले, "गंग्या, तुझ्या घरापुरतं भर. त्याच्यासाठी नाय."

दादांनी कळशी खाली ठेवली. "लक्ष्या, पंधरावं म्हण."

लक्ष्मणभाऊंनी सवयीनं सुरुवातसुद्धा केली. "धर्म, वंश, जात..." आणि थांबले. पुढचे दोन शब्द त्यांना येत नव्हते असं नाही. ते दादांकडे बघत म्हणाले, "माझा पोर गेला रे. तुझ्या कलमानं वाचला काय तो?"

"रामजीनं मारला काय त्याला?" दादांचा आवाज चढला. इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "दुसऱ्या दिवशी तो रस्ता कुणी धुतला, ठाऊक आहे तुला? रामजीची पाळी होती. घरी येऊन जेवला नाही तो."

"ठाऊक आहे," लक्ष्मणभाऊ म्हणाले. "तो झाडू घेऊन समोरून गेला की मला तेच दिसतं. म्हणून तो इथं नको."

नळ वाहत होता, तो बंद करायचंही कुणाला सुचलं नाही. दादांनी कळशी उचलली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुझं दुःख मोठं आहे, लक्ष्या. पण त्यासाठी तिसऱ्याची मुलगी तहानेली ठेवता येत नाही." त्यांनी लक्ष्मणभाऊंचा हात तोटीवरून अलगद बाजूला केला आणि कळशी भरली. मला तेव्हा दोघांचीही कीव आली. कोण बरोबर ते मला आत दिसत होतं, तरी लक्ष्मणभाऊंकडे बघवत नव्हतं.

त्याच दिवशी दादांनी सरकारी चाळींच्या साहेबाकडे तक्रार लिहून दिली. आपल्याच चाळीविरुद्ध, आपल्याच मित्राविरुद्ध. संध्याकाळी लक्ष्मणभाऊ त्यांच्या दाराशी आले. आत आले नाहीत.

"माझे कागद दे."

"लक्ष्या, साक्षीदार आत्ता कुठं तयार झालेत. दुसऱ्याला हे जमायचं नाही. शिवासाठी तरी थांब."

"तू त्याचा वकील. मग माझा नाय."

"मी दोघांचाही आहे."

"दोघांचा होता येत नाय, गंग्या."

दादांनी कागद दिले. तक्रार मागे घेतली असती तर कागद राहिले असते, हे दोघांनाही कळत होतं. सीतावहिनी मला पुढे म्हणाल्या, की त्या रात्री दादा नुसते भिंतीकडे तोंड करून पडून होते, आणि एकदाच बोलले, "शिवाला मी सोडला."

साहेब आला, चाळीच्या दारावर हुकूम चिकटवून गेला, आणि नळ सगळ्यांना खुला झाला. जीवीबेन पाण्याला येऊ लागली. ती आली की नळावरची सगळी बडबड थांबायची आणि तिचा हंडा भरेपर्यंत फक्त पाण्याचा आवाज. शिवाचे कागद दुसऱ्या कुणा वकिलाकडे गेले. साक्षीदार पांगले, कुणी गावी गेला, कुणी घाबरला, आणि ती चौकशी काही झाली नाही. चाळीनं दादांशी बोलणं टाकलं. रविवारची सतरंजी उचलली गेली. सदरेही कुणी देईना, तेव्हा ते स्वतःचे न्यायला लागले. सीतावहिनी म्हणाल्या, "आता एक दिवस कोटाच्या आत काही न घालताच उभे राहा."

काही महिन्यांनी रामजीनंच खोली सोडायची ठरवली. दादा त्याच्या दारात जाऊन बसले. "हुकूम तुझ्या बाजूनं आहे. तू गेलास तर मी लढलो कशाला?"

रामजी सामान बांधता बांधता म्हणाला, "वकीलसाब, कायदा तो बराबर है. पण मेरी बायडी नळपे जाती तो सब चूप हो जाते. रोज उठके चूपमें पानी भरनेका?"

दादा दारातून उठले. हातगाडीवर त्यांनीच एका बाजूनं ट्रंक चढवली. रामजी रे रोडला, लाकडाच्या वखारींमागे त्याच्या भावाच्या झोपडीशेजारी राहायला गेला. कोपऱ्याच्या खोलीत गावडे म्हणून नवं बिऱ्हाड आलं, आणि वाटा पुन्हा सुरू झाला.

मला पुष्कळदा वाटतं, दादांनी काय मिळवलं? ज्याच्यासाठी लढले तो राहिला नाही, आणि ज्याच्यासाठी लढायचं होतं तो खटला गेला. हे मी त्यांना एकदा विचारलंही. ते म्हणाले, "सूनबाई, फक्त आपल्या माणसासाठी मागितला तर त्याला हक्क म्हणत नाहीत. त्याला लाड म्हणतात." हे बोलताना त्यांचा आवाज मात्र जरा चढला होता, आणि तो चढला की काय समजायचं ते मला तोवर ठाऊक झालं होतं.

पुढे आम्ही ती चाळ सोडली. दादा गेल्याचं मला माझ्या शाळेत कळलं, मी तेव्हा शिकवायला लागले होते. पण ते आठवले की मला दिसतात ते महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवसाचे. त्या दुपारी चाळीवर तोरणं होती, खाली लेझीम, लालबागकडून मिरवणूक दादरच्या दिशेनं चाललेली. कमिटीनं बुंदीचे लाडू केले होते. लक्ष्मणभाऊ जिन्याशी टोपली घेऊन बसले होते आणि खोलीमागे एक पुडी देत होते. त्यांच्या अंगावर गुलाल नव्हता. सगळे नाचायला गेले, गॅलरीत मी आणि खाली ते, एवढेच उरलो.

दादा कोट घालून, पिशवी घेऊन जिना उतरले. लक्ष्मणभाऊंसमोर येऊन थांबले. इतक्या वर्षांत दोघं एकमेकांशी अक्षर बोलले नव्हते. दादा म्हणाले, "लक्ष्या, जरा पाणी दे."

लक्ष्मणभाऊ बसूनच राहिले. मला वाटलं, आता मान फिरवतील. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले, आत गेले, आणि तांब्या घासल्याचा आवाज आला. भरलेला तांब्या त्यांनी दोन्ही हातांनी दिला. दादा सावकाश, सगळा प्याले.

"रामजी कुठं असतो आता?" लक्ष्मणभाऊंनी विचारलं.

"रे रोडला. तिकडंच निघालोय."

"नळ आहे काय तिथं?"

"आहे. पण लांब आहे."

लक्ष्मणभाऊंनी तांब्या खाली ठेवला. टोपलीतली एक पुडी उचलून पुढे केली. "कोपऱ्याच्या खोलीचा वाटा राहिलाय."

"तिथं आता गावडे असतात. त्यांनी नेला असेल."

"ते मला ठाऊक आहे," लक्ष्मणभाऊ म्हणाले.

दादांनी पुडी घेतली, पिशवीत कागदांवर नीट ठेवली. "येतोस?"

"नाय. मला अजून जमायचं नाय. तू जा."

दादा गेले. सगळी मिरवणूक दादरकडे चालली होती आणि ते उलट दिशेला, भिंतीला लागून, लोकांचे धक्के चुकवत, पिशवी छातीशी धरून. कुणीतरी त्यांच्यावरही गुलाल उधळला, तो त्यांनी झटकला नाही. वळणापर्यंत तो गुलाबी झालेला काळा कोट मला दिसत होता. रे रोडला जीवीबेनच्या दारात पोचल्यावर त्यांनी आधी काय मागितलं असेल, ते मला ठाऊक आहे.